फिशटँकचं पाणी बदललं आणि मासे दगावले? चूक कुठे होते ते समजून घ्या!

मंडळी, रविवारी सकाळी मोठ्या हौसेने फिशटँक धुतला, जुनं पाणी ओतून दिलं, नळाचं स्वच्छ पाणी भरलं. टँक चकाचक झाला, पण संध्याकाळपर्यंत दोन मासे तळाशी आणि सोमवारी सकाळी एक पाण्यावर तरंगतोय. हा अनुभव मासे पाळणाऱ्या बऱ्याच घरांत येतो. मग दोष दुकानदाराला दिला जातो. खरं कारण मात्र बहुतेक वेळा नव्या पाण्यात असतं.

नळाच्या पाण्यात असं काय असतं?

आपल्यासाठी पाणी निर्जंतुक व्हावं म्हणून पालिका त्यात क्लोरीन घालते. हाच क्लोरीन माशांचे नाजूक कल्ले जाळतो. शिवाय फिल्टरमध्ये वाढलेले उपयोगी जिवाणूही मारतो. माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करण्याचं काम हेच जिवाणू करतात. ते मेले की टँक दिसायला स्वच्छ, पण आतून विषारी होत जातो. म्हणूनच फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

पाणी साठवायचं कसं?

रुंद तोंडाच्या बादलीत किंवा ड्रममध्ये पाणी २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो. त्यात एअर पंपाची नळी सोडली तर आणखी लवकर. पण काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामीन वापरतात, आणि तो असा सहज उडत नाही. तुमच्याकडे काय वापरतात याची खात्री नसेल, तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला.

भांडं प्लॅस्टिकचं आणि फक्त याच कामासाठी राखलेलं हवं. कपडे भिजवण्याची, साबण लागलेली बादली अजिबात नको. तांब्याचा हंडाही नको! आपल्यासाठी तो पवित्र असला, तरी पाण्यात उतरलेलं तांबं माशांना अपायकारक आणि कोळंबी-गोगलगायींना तर घातक असतं.

आणि हो, ड्रमवर पातळ सुती कापड घट्ट बांधा. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाणी आठवडाभर तसंच ठेवू नका, लागेल त्याच्या आदल्या दिवशीच भरा.

गरम करायची गरज काय?

गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल हे उष्ण प्रदेशातले मासे. त्यांना साधारण २४ ते २८ अंश तापमान मानवतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्रभर बाल्कनीत राहिलेलं पाणी १६ अंशांवर आलं, असं समजा. टँक ५० लिटरचा, पाणी २६ अंशांवर. त्यातलं १० लिटर बदललं तर टँक २४ अंशांवर येतो. पण निम्मं, म्हणजे २५ लिटर बदललं तर थेट २१ अंश! काही मिनिटांत पाच अंशांची घसरण माशांना झेपत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती कमी होते आणि पांढऱ्या ठिपक्यांसारखे रोग डोकं वर काढतात. गोल्डफिश थंड पाण्यातला, त्याला हीटर लागत नाही. पण तापमानातला अचानक बदल त्यालाही नको.

गरम कसं करायचं?

सोपा उपाय म्हणजे उकळतं पाणी मिसळणं. १६ अंशांच्या पाण्यापासून २६ अंशांचं १० लिटर पाणी करायला साधारण सव्वा लिटर उकळतं पाणी पुरतं. ते स्टीलच्या भांड्यात तापवा आणि बादलीतच मिसळा, टँकमध्ये कधीही नाही. गीझरचं पाणी टाळलेलं बरं, कारण अनेक गीझरच्या आत तांब्याचा भाग असतो.

दुसरा उपाय, बादलीत १०० वॅटचा मत्स्यालय हीटर लावणं. १० लिटर पाणी दहा अंशांनी तापायला त्याला सव्वा ते दीड तास लागतो. हीटर पूर्ण बुडाल्यावरच बटण चालू करा. बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तो पाण्यातच राहू द्या, नाहीतर गरम काच तडकते. आंघोळीच्या पाण्याचा रॉड या कामाला नको. तो ठराविक तापमानाला आपोआप थांबत नाही. आणि कोणतंही उपकरण असो, प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही!

शेवटचा टप्पा

उकळलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून टँकमध्ये ओतण्याआधी बादलीत थोडा वेळ एअर पंप चालवा. मग थर्मामीटर लावून बघा. टँक आणि बादलीत एखाद्या अंशाचाच फरक असेल तर पाणी हळूहळू ओता. आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदललं तरी पुरेसं आहे. सगळं पाणी एकदम बदलणं म्हणजे माशांचं घरच मोडणं.

तर मंडळी, येत्या शनिवारी रात्री एक बादली भरून ठेवा. तुमच्या माशांचा रविवार सुखाचा जाईल!