‘टीकास्वयंवर’ आणि त्याचे वाचक

भालचंद्र नेमाडे यांचा ‘टीकास्वयंवर’ हा लेखसंग्रह औरंगाबादच्या साकेत प्रकाशनाने १९९० साली काढला, तेव्हा नेमाड्यांच्या चार कादंबऱ्या वाचकांच्या हातात होत्या. ‘कोसला’ १९६३मध्ये आली होती. ‘बिढार’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ यांनी सत्तरचे दशक व्यापले होते. संग्रहातले लेख मात्र आधीच्या अनेक वर्षांतले, काही थेट लघुनियतकालिकांच्या धामधुमीतले. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे मराठी कादंबरीचा चेहरा बदलणाऱ्या लेखकाला अकादमीने गौरवले ते टीकालेखांसाठी.

पुस्तकावरच्या प्रतिक्रियांना आधी कारण झाला तो त्याचा स्वर. समीक्षा म्हणजे तोलून-मापून, कोणाला न दुखवता लिहायचा प्रकार, अशी सवय झालेल्या वाचकाला इथे ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर याचाच तिरकसपणा भेटला. ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ या लेखात नाव कमावलेला लेखक समित्या, सत्कार आणि संपादकांच्या मागण्या यांत अडकून कसा संपतो, याची निर्दय मांडणी आहे. ‘लेखकराव’ हे संबोधन ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्याही तोंडी बसले. पुढे २०११मध्ये पद्मश्री आणि २०१४चे ज्ञानपीठ खुद्द नेमाड्यांना मिळाले, तेव्हा याच लेखातला प्रश्न अनेकांनी त्यांच्यासमोर धरला. त्या प्रश्नात खोच होती, पण अन्याय नव्हता.

कथेविषयीच्या मतांनी मोठी नाराजी ओढवून घेतली. कादंबरी समाजाचा विस्तीर्ण पट पेलते, तर लघुकथा हा नियतकालिकांच्या गरजेतून फोफावलेला दुय्यम प्रकार, असे नेमाड्यांचे म्हणणे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि मराठी कथा या अंकांच्याच अंगणात वाढली, हे खरे. पण गंगाधर गाडगीळ आणि जी. ए. कुलकर्णी ज्यांनी मनापासून वाचले होते, त्यांना हा निकाल पटणे शक्य नव्हते, आणि जी.एं.ची कथा समोर ठेवली की तो टिकतही नाही.

कादंबरीवरच्या लेखाचे तसे झाले नाही. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) या तीन पुस्तकांवरून नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती ठरवल्या: वास्तवाला भिडणारी, कल्पनारम्य आणि इतिहासात रमणारी. विरोधकांनीही ही विभागणी वापरली. विद्यापीठांतल्या मराठीच्या वर्गात ती आजही शिकवली जाते.

खरे वादळ उठले ते देशीयतेवर. साहित्याची मुळे आपल्या भूमीत, भाषेत आणि परंपरेत असावीत, महानुभाव आणि वारकरी परंपरा ही मराठीची खरी ठेव, इंग्रजीच्या छायेत वाढलेली अभिरुची उपरी, असा हा विचार. पुण्या-मुंबईबाहेर वाढलेल्या लिहित्या तरुणांना त्याने आपल्या गावाबद्दल लाज न बाळगता लिहिण्याचे बळ दिले. मराठीबाहेरही चर्चा झाली: गणेश देवी यांच्या ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’त (१९९२) देशी-मार्गीचा, म्हणजे लोकपरंपरा आणि संस्कृत अभिजात परंपरा यांचा, विचार आहे, तर मकरंद परांजपे यांनी १९९७ साली देशीवादावर इंग्रजी लेखांचे पुस्तक संपादित केले. टीकाकारांना यात संकुचितपणा दिसला, काहींना जातिसंस्थेकडे पाहण्याची मऊ नजर. २०१० साली नेमाड्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी आल्यावर हा दुसरा आक्षेप अधिकच तीव्र झाला. २०१५मध्ये नेमाड्यांनी इंग्रजीतून लिहिणाऱ्या नायपॉल-रश्दींवर टीका केली, तेव्हा सलमान रश्दींनी ट्विटरवरून त्यांना शिवीवजा उत्तर दिले. मराठी समीक्षेचा वाद इतक्या लांब सहसा जात नाही.

सिद्धांत गावाच्या कसोटीवर लावून पाहावा, हे या पुस्तकाच्या स्वभावाला धरूनच आहे. पेण आणि रोहे हे रायगडातले शेजारी तालुके त्यासाठी सोयीचे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी गीता मराठीत आणली. ‘गीताई’ समश्लोकी, म्हणजे साचा संस्कृतचा. पण भाषा इतकी साधी की ती घरोघर पाठ झाली. ती देशी की मार्गी? रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, यांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठी पद्यात उतरवले. ते रसिकांपुरते राहिले. दोन्ही संस्कृतातूनच आलेली पुस्तके, नशीब मात्र वेगवेगळे. मूळ कुठले यापेक्षा पुस्तक कोणाच्या तोंडी रुळले, हा निकष इथे जास्त उपयोगी पडतो, आणि नेमाड्यांच्या विवेचनात त्याला जागाही आहे.

अडचण खरी येते ती पुढे. पेणच्या खारेपाटात आगरी बोली, डोंगराकडच्या वाड्यांवर कातकरी, आणि धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे रोह्यात कामासाठी आलेल्या परप्रांतीयांच्या भाषा. आगरी घरातला मुलगा शाळेत ‘शुद्ध’ मराठी शिकतो तेव्हा नेमाड्यांचा रोख त्याच्या बाजूने असतो, आणि अशा वाचकाला हे पुस्तक जवळचे वाटावे यात नवल नाही. कातकरी वाडीतून पाहिले तर मात्र शाळेतली मराठी, ज्ञानेश्वर-तुकोबांची परंपरा आणि देशीवादाचा सगळा ग्रंथव्यवहार हेच वरून आलेले ठरतात. दलित आणि आदिवासी बाजूने देशीयतेला विचारला जाणारा प्रश्न नेमका हाच: परंपरा कोणाची, आणि तिच्या आत कोणाला कुठे बसवले होते? ‘टीकास्वयंवर’मध्ये इंग्रजीला दिलेली उत्तरे सविस्तर आहेत; या प्रश्नाच्या वाट्याला तेवढी पाने आलेली नाहीत.