चाल एक, गाणी शेकडो

जात्यावर दळताना चाल एकच असते, पण ओवी प्रत्येकीची वेगळी. एकीची माहेराची, दुसरीची लेकराची. सातासमुद्रापलीकडे, जमैका बेटावर, गाण्यांचा मोठा धंदा अशाच रीतीनं चालतो.

तिथल्या नाचाच्या संगीताला डान्सहॉल म्हणतात. त्यात ठेका आणि त्याखालचे जाड सूर मिळून जी चाल बांधली जाते, तिला म्हणतात 'रिदिम'. स्टुडिओवाला आधी रिदिम तयार करतो आणि मग एकेका गायकाला बोलावतो. प्रत्येक जण त्याच चालीवर आपले शब्द गातो. चालीचा खर्च एकदाच, गाणी मात्र दहा-वीस! रस्त्यावरच्या नाचात मोठमोठे कर्णे लावून ही गाणी एकापाठोपाठ वाजवतात. आवाज बदलतो, ठेका तोच राहतो, म्हणून नाच थांबत नाही.

यातला सगळ्यात गाजलेला रिदिम म्हणजे 1985 सालचा 'स्लेंग टेंग'. वेन स्मिथ हा तरुण गायक आणि त्याचा मित्र नोएल डेव्ही यांना कॅसिओ कंपनीच्या एका लहानशा बाजात आधीच भरून ठेवलेला ठेका सापडला. बटण दाबलं की तो आपोआप वाजायचा. किंग्स्टन शहरातल्या किंग जॅमी या स्टुडिओवाल्यानं त्याची गती कमी केली आणि त्यावर स्मिथचं गाणं घेतलं. मग त्याच चालीवर टेनर सॉ, जॉनी ऑस्बॉर्न, शुगर मिनॉट असे कितीतरी जण गायले. आजवर त्यावर शेकडो गाणी झाली आहेत. याची दुसरी बाजूही आहे. यंत्रावर चाल बनू लागली, तसं स्टुडिओत वाद्यं वाजवणाऱ्यांचं काम कमी झालं.

पण बाजात तो ठेका भरला कुणी? एका बाईनं! तिचं नाव ओकुदा हिरोको. जपानमध्ये संगीत शिकताना तिला जमैकाच्या संगीताची गोडी लागली होती. 1980 साली ती कॅसिओत नोकरीला लागली आणि नव्या बाजासाठी तिनं ठेके तयार केले. तो बाजा 1981 साली बाजारात आला. चाल जगभर गेली, गायकांची नावं झाली, पण हिरोकोचं नाव लोकांना कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं.

आपल्याकडेही असंच होतं ना? मसाल्याचं प्रमाण एकीनं बसवलेलं असतं, गोधडीची नक्षी दुसरीनं काढलेली असते. पुढे सगळ्या जणी ते वापरतात, आणि वापरावंच. त्यानं काम वाढतं. पण ते पहिल्यांदा कुणी केलं, हे कुठं लिहिलेलं असतं का?

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या वहीत एक पान राखून ठेवा. कोणती कृती, कोणतं गाणं, कोणती नक्षी कुणाची, ते नावानिशी लिहा. चाल सगळ्यांची असू द्या, पण बांधणारीचं नाव हरवू देऊ नका.