दांडा कसा बसतो? : सिल्वासा परिसरातल्या अवजारांचा एक दुर्लक्षित सांधा

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. लाकडाचाच दांडा लाकडाच्या मुळावर येतो, असा तिचा अर्थ. दांडा नसेल तर कुऱ्हाड म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा, हे या म्हणीने बरोबर हेरलंय. तरीही जुन्या अवजारांचा अभ्यास करताना आपण लोखंडाकडे बघतो, लाकडाकडे बघत नाही. आणि लोखंड व लाकूड जिथे एकत्र येतात, त्या सांध्याकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही. हा लेख त्या सांध्याविषयी आहे.

दादरा-नगर हवेलीत हा विषय अजून जिवंत आहे. सिल्वासात कारखाने कितीही आले तरी खानवेलकडच्या पट्ट्यात शेत, वाडी आणि जंगल यांची कामं हातातल्या अवजारांवरच चालतात. नावंही गमतीची. आपण दांडा म्हणतो, गुजराती शेजारी हाथो म्हणतात. आपली पाचर, त्यांची फाचर. आपली कुदळ, त्यांची कोदाळी. भाषा बदलली की नाव जरासं बदलतं, सांधा मात्र तोच राहतो. पात्याला दांडा घालण्यासाठी जे भोक असतं त्याला मराठीत नेढं म्हणतात. सुईचं नेढं, डोंगराचं नेढं, तसंच कुऱ्हाडीचं नेढं.

नेढ्याच्या आधी काय होतं?

आज आपल्याला वाटतं, कुऱ्हाडीला भोक असणारच. तसं नाही. संगमनेरजवळच्या जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. जोर्व्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडी प्रसिद्ध आहेत. त्या सपाट आहेत, त्यांना नेढं नाही. म्हणजे तेव्हा पातं दांड्यात बसवत किंवा दांड्याला बांधत असणार. यात अडचण काय होते ते बघा. प्रत्येक घावागणिक पातं पाचरीसारखं दांड्यात मागे घुसतं आणि दांडाच फाडायला बघतं. अवजार जितकं जोरात चालवाल तितका सांधा लवकर मरतो.

पुढचा टप्पा विदर्भात दिसतो. नागपूर परिसरातल्या महुर्झरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथल्या महापाषाणीय शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. यातल्या बऱ्याच कुऱ्हाडी सपाटच आहेत, पण त्यांच्यावर फुलीसारख्या आडव्या-तिरक्या लोखंडी पट्ट्यांची कडी आहेत. पातं दांड्याला जखडून ठेवणं हे त्या कड्यांचं काम. दांडे केव्हाच कुजून गेले, कडी तेवढी उरली. त्या कड्यांमुळेच आपल्याला कळतं की अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोहारालाही पातं सुटण्याची काळजी होती.

नेढं आल्यावर हिशेब उलटला. आता लोखंड लाकडात घुसत नाही, लोखंड लाकडाला चारी बाजूंनी कवेत घेतं. लाकूड फुटायला बघितलं तरी लोखंडाची भिंत त्याला फुटू देत नाही. मात्र एक नवा प्रश्न उभा राहिला : फिरवताना पातं निसटून पुढे उडणार नाही याची खात्री काय?

किती ओढ असते?

थोडं गणित करू. समजा दीड किलोचं पातं आहे, घावाच्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला १० मीटर आणि फिरण्याची त्रिज्या १ मीटर. वेगाचा वर्ग गुणिले वजन, भागिले त्रिज्या. उत्तर येतं १५० न्यूटन. म्हणजे त्या क्षणी दांड्याच्या टोकाला सुमारे १५ किलोचं ओझं टांगल्याइतकी ओढ असते, पात्याच्या वजनाच्या दहापट. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. सैल कुदळ हळूहळू चालवताना काही होत नाही आणि एखाद्या रागाच्या घावाला पातं उडून समोरच्याच्या डोक्यात बसतं, त्यामागे हे 'वर्ग' प्रकरण आहे. खणणाऱ्याच्या समोर उभं राहू नये, असं मोठी माणसं सांगतात ते उगाच नाही.

दांडा बसवण्याच्या सगळ्या पद्धती म्हणजे या ओढीला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत. मुख्य चार सांगतो.

पहिली, कुदळ आणि टिकाव यांची. इथे दांडा वरून घालतात. दांड्याचं वरचं टोक जाड, खाली निमुळता होत जातो, आणि नेढंही तसंच वर रुंद, खाली अरुंद. फिरवताना पातं बाहेर पळायला बघतं, म्हणजे दांड्याच्या जाड टोकाकडे सरकतं आणि तिथे आणखी घट्ट होतं. ओढ जितकी जास्त तितकी पकड जास्त. पाचर लागत नाही, खिळा लागत नाही. माझ्या मते हातअवजारांतला हा सगळ्यात हुशार सांधा आहे.

दुसरी, हातोडा, घण आणि बऱ्याच कुऱ्हाडींची. इथे दांडा खालून घालतात आणि वरच्या टोकाला चीर पाडून पाचर ठोकतात. चांगल्या घडणीचं नेढं मध्ये थोडं अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद असतं, डमरूसारखं. पाचर ठोकली की लाकूड वरच्या तोंडात पसरतं आणि मधल्या अरुंद कमरेत अडकून राहतं. सगळी सुरक्षा त्या एका पाचरीवर असते. म्हणूनच पाचरीऐवजी खिळा ठोकणं वाईट. खिळा लाकूड पसरवत नाही, फक्त चिरतो.

तिसरी, विळा, खुरपं, कोयता यांची. इथे उलटा प्रकार, लोखंडाचं मागचं टोकदार शेपूट लाकडाच्या मुठीत जातं. म्हणजे जोर्व्याच्या काळातली अडचण परत आली, लाकूड फुटण्याची. तिला उत्तर म्हणून मुठीच्या तोंडाला लोखंडी किंवा पितळी कडं चढवतात. विदर्भातल्या त्या कड्यांचं हे दूरचं नातेवाईक म्हणायला हरकत नाही. शेपूट मुठीच्या पार बाहेर काढून टोक वाकवलं असेल तर मूठ निसटत नाही. काही कारागीर भोकात लाखेची पूड भरून तापवलेलं शेपूट आत दाबतात. लाख वितळते, थिजते आणि पोकळी भरून काढते.

चौथी, लांब काठीची. फळं काढायची आकडी, जाळी काढायचा झाडू, दाताळं. इथे बहुतेक वेळा लोखंडाला नळी असते आणि तिच्यात बांबू जातो. बांबू आडवा तुटत नाही, उभा फाटतो. म्हणून नळीत जाणाऱ्या टोकाजवळ बांबूची गाठ आली पाहिजे. पोकळ पेर नळीत ठोकलंत तर महिन्याभरात चीर पडेल. आपल्याकडचा मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे या कामाला तो उत्तम. नळीच्या खाली तारेचे चार-पाच घट्ट वेढे दिले की चीर पुढे सरकत नाही.

सागाच्या मुलखात सागाचा दांडा का नाही?

नगर हवेली म्हणजे सागाची ख्याती असलेला मुलूख. १७७९ च्या तहानुसार, सांताना या पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानीपोटी मराठ्यांनी हा परगणा पोर्तुगीजांना दिला आणि १७८३ मध्ये प्रत्यक्ष ताबा गेला. पुढे इथल्याच सागातून दमणच्या गोदीत 'दोम फेर्नांदू दुसरा ई ग्लोरिया' ही ५० तोफांची युद्धनौका बांधली गेली आणि १८४३ मध्ये ती पाण्यात उतरली. १९६३ च्या आगीत ती बरीच जळाली, पण दुरुस्त होऊन आज लिस्बनसमोर, तेजो नदीच्या पलीकडच्या काठावर संग्रहालय म्हणून उभी आहे.

सागाचा एवढा महिमा, तरी जाणता माणूस कुऱ्हाडीला सागाचा दांडा घालत नाही. साग पाण्याला टिकतो, कमी आकसतो, वाळवी कमी लागते, हे सगळं खरं. पण घावाचा धक्का सोसण्यात तो मागे पडतो, तडकतो. दांड्याला लागतो चिवटपणा आणि थोडी लवचीकता. त्यासाठी आपल्या जंगलातली वेगळी झाडं आहेत. धामण : कावडीला आणि धनुष्याला वापरतात तीच, वाकते पण मोडत नाही. धावडा : जड आणि चिवट, बैलगाडीच्या आखाला चालणारा. तिवस : नांगराला आणि दांड्याला. शेताच्या बांधावरची बाभूळ सुद्धा उत्तम. जहाज सागाचं असेल, पण तो साग ज्या कुऱ्हाडींनी पाडला आणि ज्या वाकसांनी तासला, त्यांना दांडे अशा चिवट लाकडांचेच शोभतात.

लाकूड निवडताना आणखी एक. दांडा शक्यतो फाडून काढलेला हवा. करवतीने काढलेल्या दांड्यात रेषा तिरक्या बाहेर पडू शकतात आणि नेमका तिथेच तो मोडतो. फाडलेल्या लाकडात रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते.

पाण्यात बुडवून ठेवायची सवय

दांडा ढिला झाला की अवजार रात्रभर पाण्यात टाकायचं, हा घरोघरचा उपाय. सकाळी खरोखर घट्ट झालेलं असतं. पण आत काय होतं? लाकूड पाणी पिऊन फुगतं. लोखंड जागा देत नाही. मग फुगणारे तंतू आतल्या आत चेंगरतात. दुपारी लाकूड वाळलं की ते मूळच्या आकारावर थांबत नाही, आधीपेक्षाही बारीक होतं. चार वेळा बुडवा, पाचव्यांदा पातं हातात येईल. एका दिवसाचं काम उरकायला हा उपाय ठीक, दुरुस्ती म्हणून खोटा.

लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. आकसतं ते जाडीत, आणि वलयांच्या कडेने जितकं आकसतं ते गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब आणि फाल्गुनापासून कोरडी. श्रावणात ओल्या लाकडाचा दांडा बसवलात तर तो होळीला खुळखुळणार हे ठरलेलं. लाकूड सावलीत महिनोन्‌महिने वाळवावं आणि दांडा उन्हाळ्यात बसवावा. मग पावसाळ्यात तो थोडा फुगून पकड घेतो, सुटत नाही.

बसवताना

१. नेढ्यात बोट फिरवून बघा. कोणतं तोंड रुंद? वरचं रुंद आणि खालचं अरुंद असेल तर दांडा वरून. दोन्ही रुंद असतील तर खालून आणि पाचर.

२. नेढ्याच्या आत काजळी लावा, दांडा घाला, काढा. काळं लागलं तिथेच कानशीने घासा. कारखान्यात फिटर निळा रंग लावून हेच करतात. दांडा नेढ्याला सगळीकडे टेकला पाहिजे. फक्त तोंडाशी टेकलेला दांडा घट्ट वाटतो, पण चार घावांत सुटतो.

३. पाचरीची चीर नेढ्याच्या लांब बाजूने आणि नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांशापर्यंत. पाचर वाळलेल्या कठीण लाकडाची. नंतर हवी तर लोखंडी पाचर तिला आडवी किंवा तिरकी.

४. ठोकण्याची दिशा सांभाळा. हातोडा उभा धरून, डोकं वर ठेवून, दांड्याचं खालचं टोक आपटलं की डोकं खाली बसतं आणि घट्ट होतं. कुदळीला हेच केलं तर ती सुटते! कुदळ उलटी धरून दांड्याचं जाड टोक दगडावर आपटायचं. कृती तीच, पण दांडा कुठून घातला त्यावर परिणाम उलटा.

५. वरच्या उघड्या टोकाला जवसाचं तेल मुरवा. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकाकडून.

संग्राहकांना विनंती

सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात या भागातल्या वापराच्या वस्तू मांडलेल्या आहेत, आणि अनेकांच्या घरीही जुनी अवजारं असतात. अशी वस्तू हाती आली की आपण पहिलं काय करतो? मोडका दांडा फेकतो, पातं घासून चकचकीत करतो, नवा दांडा घालून भिंतीवर टांगतो. त्यात लोखंड वाचतं आणि अर्धी माहिती जाते. नायकुंडच्या दांड्यांची माती व्हायला शतकं लागली. आपल्या घरातल्या दांड्याला एक दुपार पुरते.

म्हणून दांडा काढण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा : लाकूड कोणतं, दांडा वरून घातलाय की खालून, पाचर कशाची, आणि नेढ्याची दोन्ही तोंडांची मापं मिलिमीटरमध्ये. सांध्याचा जवळून एक फोटो घ्या. गावात अजून दांडे करणारे कोणी आजोबा असतील तर त्यांना त्यांच्या भाषेतली नावं विचारा, वारली, कोकणा, धोडिया, जी असेल ती, आणि ती आहेत तशी टिपून घ्या. मोडका दांडा असेल तर तोही चिठ्ठी बांधून ठेवून द्या. माळ्यावर जागा फार लागत नाही.