बाळंतिणीची खाट आणि बाळाची जागा

शिवनेरीवर येणाऱ्या प्रत्येकाला शिवजन्मस्थानाची इमारत दाखवली जाते. 1630 साली जिथे एक मूल जन्माला आले ती खोली लोक पायातल्या वहाणा काढून पाहतात. मी याच तालुक्यात शिकवतो आणि वर्गातल्या मुलांना घेऊन दरवर्षी गडावर जातो. माझा स्वतःचा जन्म कुठे झाला ती जागा मात्र दाखवता येणार नाही. वस्तीतले एका खोलीचे घर, मध्ये तट्ट्याचा आडोसा आणि आडोशामागे बाज. सुईण आमच्याच वस्तीतली. तरुणपणी गावातली कित्येक पोरे तिच्या हातांवर जन्मली. पण बाळंतपण उरकले की त्याच घरांच्या ओट्यावर चढायला तिला मज्जाव होता.

तेव्हा जुन्या बाळंतखोलीचे गोडवे गाण्याचे मला काही कारण नाही. अंधार, शेगडीचा धूर, विटाळाचे दिवस, पहिला चीक पिळून टाकून बाळाला गुळाचे पाणी चाटवणे, हे सारे त्या खोलीत होते आणि त्याने माणसे मेली. एक गोष्ट मात्र तिथे बरोबर होती. बाज रुंद आणि बुटकी असे, आणि बाळ आईच्या कुशीत असे. त्याला दुसरीकडे न्यायला दुसरी जागाच नव्हती.

दवाखान्याने धूर आणि अंधार घालवला, जीव वाचवले. त्याच वेळी आई आणि बाळ यांच्यात अंतर आणले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेच्या इस्पितळांत संसर्गाच्या भीतीने नवजात बाळांची वेगळी खोली निघाली. बाप काचेतून बघायचा आणि आईकडे बाळ घड्याळाच्या ठोक्यावर यायचे. 1972 मध्ये क्लाउस आणि केनेल या डॉक्टरांनी 28 आयांचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या आयांना पहिल्या तीन दिवसांत बाळासोबत 16 तास जास्त मिळाले होते. महिन्याभराने पाहिले तेव्हा त्या आया बाळाच्या अधिक जवळ राहताना, त्याच्याकडे अधिक वेळ बघताना आढळल्या. पहिले काही तास हुकले तर माया कायमची हुकते, असा त्यावरून काढलेला अर्थ पुढे टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर सिझेरियन झालेल्या किंवा बाळ काचेच्या पेटीत असलेल्या आईच्या माथी आपण आणखी एक अपराध मारू.

शरीराचे गणित मात्र पक्के आहे. ओले बाळ झपाट्याने गार पडते. आईच्या उघड्या छातीवर ठेवले तर त्याची ऊब टिकते, श्वास स्थिरावतो. वासावरून ते स्तन शोधते. ते ओढू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते, दूध उतरते आणि गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्रावाला आळा बसतो. एवढे सगळे घडायचे तर त्याला जागा लागते.

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण तालुक्याबाहेरच्या एका दवाखान्यात झाले. बाळाला वजनाला म्हणून खालच्या मजल्यावर नेले, तिथेच पेटीखाली ठेवले. टाके असल्यामुळे तिला जिना उतरता येईना. आमची आई जिन्यातच बसून होती, कारण वॉर्डात सोबतीणीला बसायला काही नव्हते. मी खाली जाऊन बाळ पाहून आलो. तेव्हा बहिणीने विचारले, "दादा, कसा हाये रं तो?" जिने त्याला नऊ महिने वाहिले ती त्याची चौकशी माझ्याकडे करत होती. डॉक्टर वाईट नव्हते, नर्सही रागीट नव्हत्या. वजनकाटा खालच्या मजल्यावर होता, एवढेच.

म्हणून रचनेचा प्रश्न हा चैनीचा नाही. लोखंडी खाट तीन फूट रुंद आणि उंच असते. टाक्यांची बाई तिच्यावरून उतरायला भिते आणि बाळ पडेल म्हणून रात्रभर जागी राहते. खाट बुटकी हवी, किंवा बाळाचा पाळणा खाटेला भिडून, हात पोचेल असा हवा. वजनकाटा, लस, तपासणी सगळे खाटेपाशी यावे. टेकून बसून पाजता येईल अशी हातांची खुर्ची हवी. पडदा हवा, कारण चार परक्या पुरुषांसमोर पदर सारायला आपली बाई तयार होत नाही, आणि मग "दूध येत नाही" असा शेरा पडतो. प्रसूतीची खोली 25 अंशांहून गार नसावी. आषाढात घोडेगावच्या पश्चिमेला पाऊस कोसळत असतो तेव्हा याचा अर्थ कळतो. संडास जवळ हवा आणि त्यात धरायला दांडी हवी. लंगोट वाळत घालायला दोरी, सोबतीणीला अंथरूण टाकायला कोपरा. आहुपे, आसाणे, हातवीज, आंबे इथून आलेली महादेव कोळी किंवा ठाकर बाई एकटी येत नाही. सासू, आई, कधी मोठे पोरही असते. आदिवासी भागांत सरकारने माहेरघराची योजना काढली ती याच ओळखीतून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना बांधला तोही आदिवासी गावासारखा झोपड्यांचा, नातेवाइकांना राहता येईल असा.

कमी वजनाच्या बाळाचे काय? 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडल्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळे आयांच्या छातीशी बांधली. गरिबीतून निघालेली ही रीत नंतर शास्त्राने उचलून धरली. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी डब्याच्या दुधाला विरोध करून 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. आणि 2021 मध्ये घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया व भारत (दिल्लीचे सफदरजंग) येथील पाच रुग्णालयांचा अभ्यास आला. तिथे आईची खाटच अतिदक्षता विभागात बाळाजवळ लावली. 1 ते 1.8 किलोच्या बाळांत 28 दिवसांतील मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. त्यासाठी लागले काय, तर खाटेपुरती जागा.

आपल्याकडे खरी ताटातूट गाडीत होते. बाळ अशक्त निघाले की त्याला पुण्याला पाठवतात. मंचरपासून साठ किलोमीटर, जुन्नरपासून नव्वद. बाळासोबत बाप किंवा आजी जाते आणि आई इथेच पडून राहते, छाती दाटून येते, चौथ्या दिवशी दूध आटते. आईला त्याच गाडीतून नेणे आणि तिकडे तिला खाट मिळणे, हा पाठवणीच्या चिठ्ठीचाच भाग असला पाहिजे.

1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. 1929 मध्ये कायदा झाला. बाळंतिणीला वेळ मिळाला पाहिजे, तो खर्च एकट्या बाईचा नव्हे, हे तेव्हा मान्य झाले. कारखान्यातल्या बाईला तो मिळाला. नारायणगावच्या टोमॅटोच्या वाफ्यात रोजाने राबणारीला रजा देणारा मालक नाही. तिच्या हातात दवाखान्यातले दोन-तीन दिवसच निश्चित असतात. तेही जिन्यात आणि रांगेत जाणार असतील तर पुढे तिला सवड नाही.

ग्रामीण रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत, त्यांच्याकडे थोडाफार निधी असतो. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी त्या बैठकांना जावे. तिथे बहुधा रंगरंगोटी आणि फलक यांवर बोलणे होते. आपण प्रसूती कक्षात पाच मिनिटे उभे राहून वजनकाटा कुठे आहे, पाळणा खाटेपासून किती पावलांवर आहे, सोबतीण कुठे बसली आहे, एवढे पाहून यावे आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावे. माझ्या बहिणीच्या दुसऱ्या खेपेला मी वॉर्डात गेलो तेव्हा आधी काटाच शोधला. तो दाराशी, एका स्टुलावर होता. नर्सबाईंना विचारून आम्ही दोघांनी तो उचलून खाटेजवळ आणला.