ठराव सर्वानुमते मंजूर

सर्वसाधारण सभेच्या सात पूर्ण दिवस आधी नगरपरिषदेचा शिपाई गावभर हिंडून प्रत्येक नगरसेवकाच्या घरी जे दोन-तीन पानी टिपण पोचवितो आणि पोच म्हणून वहीत सही घेतो, ती विषयपत्रिका ज्याने एकदा तरी स्वस्थपणे वाचली असेल, त्याला लहान शहराच्या संसाराची यथार्थ कल्पना येण्यास अन्य ग्रंथ वाचावा लागणार नाही. तिचा पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा ठरलेला, शेवटचा 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' हाही ठरलेला. आणि या दोन टोकांच्या दरम्यान स्मशानभूमीच्या शेडचे उडालेले पत्रे, आठवडे बाजाराच्या फीवसुलीचा ठेका, जलशुद्धीकरणासाठी तुरटीची खरेदी, मोकाट जनावरांचा बंदोबस्त, लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाची नेमणूक आणि कुठल्याशा चौकास द्यावयाचे नाव, असे परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले विषय एकापुढे एक क्रमांक लावून उभे असतात. यातील नामकरणाच्या विषयावर सर्वांत अधिक वेळ खर्ची पडतो आणि तुरटीवर सर्वांत कमी, हे सांगायला नकोच.

सभागृहात जे घडते त्याची भाषाही विषयपत्रिकेइतकीच साचेबंद. एक सदस्य सूचक म्हणून उभा राहतो, दुसरा अनुमोदन देतो, कोणी हरकत घेतली तर अध्यक्ष मत घेतात, समसमान मते पडली तर निर्णायक मत त्यांचेच. आणि मग सभा-लिपिक इतिवृत्तात लिहितो की, सदर विषयावर सांगोपांग चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. प्रत्यक्षात चर्चा सांगोपांग झाली, की दोन गटनेत्यांनी आदल्या रात्रीच सर्व मिटवून टाकल्यामुळे ती मुळी झालीच नाही, याचा मागमूस त्या वाक्यात सापडत नाही. तथापि ते वाक्य उपेक्षणीय नव्हे. नगरपरिषदेची इच्छा म्हणून जी काही आहे ती त्या एका वाक्यातच वास करते. ठरावाच्या क्रमांकावाचून आणि तारखेवाचून कोषातला एक रुपयाही हलू शकत नाही. ऐनवेळच्या विषयांत मात्र एखादे भलतेच प्रकरण हळूच आत शिरते आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करतेवेळी सदस्यांना त्याचा साक्षात्कार होतो. म्हणून मुरलेले नगरसेवक पहिला विषय संपेपर्यंत चहाकडे लक्ष देत नाहीत.

या सर्व व्यवहारास आधारभूत असलेला कायदा म्हणजे 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. त्यापूर्वी मुंबई इलाख्यातील गावांना 1901 चा जिल्हा नगरपालिका कायदा, मोठ्या शहरांना 1925 चा बरो कायदा, विदर्भाला मध्यप्रांत-वऱ्हाडचा आणि मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा कायदा लागू होता. राज्य एक झाले तरी गटाराचे नियम चार तऱ्हेचे, अशी स्थिती काही वर्षे होती. नव्या कायद्याने लोकसंख्या एक लाखाहून अधिक असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजारांहून अधिक असेल तर 'ब' आणि त्याखाली 'क' अशी प्रतवारी केली, आणि मुख्याधिकारी हा शासनाच्या सेवेतील अधिकारी असावा अशी व्यवस्था केली. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या संस्थांना संविधानात स्थान मिळाले, बाराव्या अनुसूचीत अठरा विषय त्यांच्या नावे लिहिले गेले. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या.

परंतु या संस्थेचे मूळ त्याहून पुष्कळ जुने आहे. 1850 च्या सव्विसाव्या अधिनियमान्वये, रहिवाशांची संमती असेल त्या गावी, नगरपालिका स्थापन करण्याची मुभा मिळाली आणि पंढरपुरासारख्या क्षेत्री 1855 साली ती स्थापनही झाली. पुढे लॉर्ड रिपन यांच्या 18 मे 1882 च्या ठरावाने या संस्थांकडे कारभाराची सोय एवढ्याच दृष्टीने न पाहता लोकशिक्षणाचे साधन म्हणून पाहावे असे सरकारी धोरण जाहीर झाले. रिपनसाहेबांचा ठराव येण्याआधीच जोतीराव फुले 1876 पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताप्रीत्यर्थ पालिकेच्या पैशातून शोभा करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे सांगून त्यांनी विरोध नोंदविला. प्रस्ताव अर्थातच संमत झाला. नगरपालिकेच्या सभेत विरोधी मताची जी किंमत असते ती त्या दिवशी दिसत नाही. ती इतिवृत्ताच्या वहीत पडून राहते आणि कधी काळी कोणीतरी ते पान उलगडतो.

आता ठराव झाल्यावर पुढे काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका वॉर्डातील गल्लीत दीडशे फूट गटार उघडे आहे; पावसाळ्यात त्याचे पाणी उंबऱ्यापर्यंत येते. रहिवासी अर्ज करतात. अर्ज आवक बारनिशीत नोंदला जातो, त्यावर मुख्याधिकाऱ्यांचा शेरा पडतो, मग तो बांधकाम विभागात जातो. अभियंता किंवा त्याचा सहायक फीत घेऊन जागेवर येतो, लांबी-रुंदी टिपून घेतो, आणि शासकीय दरसूचीप्रमाणे खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती, झाकणे किती याचे अंदाजपत्रक करतो. हे अंदाजपत्रक सभेपुढे येऊन त्यास प्रशासकीय मान्यता मिळते. गल्लीतील लोकांना वाटते की काम झाले. वस्तुतः तेथून कामास आरंभ व्हावयाचा असतो. तांत्रिक मंजुरी, निविदेची जाहिरात, आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, स्थायी समितीची मान्यता, ठेकेदाराची अनामत, करारनामा, आणि मग कार्यादेश, इतक्या उंबरठ्यांवरून तो कागद जातो. त्यात निवडणुकीची आचारसंहिता आडवी आली तर तो महिना-दोन महिने आहे तेथेच बसून राहतो.

काम सुरू झाल्यावर सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे मोजमाप पुस्तक. प्रत्यक्ष किती झाले ते अभियंत्याने स्वतः मोजून त्यात आपल्या हस्ताक्षरात लिहावयाचे, कारण देयक निघते ते या पुस्तकावरून, ठरावावरून नव्हे. दीडशे फुटांच्या गटारापैकी शेवटचे दहा फूट एका घरमालकाच्या पायरीखालून जाते आणि तो पायरी फोडू देत नाही. नगरसेवक समजूत घालायला जातो, कारण तो घरमालक त्याचा मतदार आहे. अभियंता अतिक्रमणाची नोटीस काढा म्हणतो. मुख्याधिकारी म्हणतात, आधी नगरभूमापनाचा नकाशा आणा. अखेरीस एकशेचाळीस फुटांचे मोजमाप होऊन देयक निघते, उरलेले दहा फूट तसेच राहतात, आणि पुढल्या पावसाळ्यात पाणी बरोबर तेथेच तुंबते. लोक म्हणतात, नगरपालिकेने काम अर्धवट केले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्या दहा फुटांत दोष कोणाचा, हे ठरवायला बसले तर पायरीवर बसणाऱ्यांपैकीही एकदोघांचे नाव निघेल.

गाव चालते ते या कागदांच्या प्रवासावर नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. पहाटे सहाच्या सुमारास मुकादम हजेरीच्या ठिकाणी वही उघडून उभा असतो. कोण आला, कोण आला नाही, कोणाची बदली कोणत्या भागात, हे तो कोणत्याही ठरावाविना ठरवितो. पाणी सोडणारा वॉलमन टाकीत पातळी किती आहे हे पाहून उत्तरेकडच्या भागाला वीस मिनिटे कमी द्यायची की दक्षिणेकडच्या, याचा निर्णय एकटाच घेतो, आणि त्याच्या या निर्णयाचे पडसाद मध्यान्हीपर्यंत नगराध्यक्षांच्या दूरध्वनीवर उमटतात. नगरसेवकांकडे येणाऱ्या तक्रारींपैकी मोठा भाग या दोघांच्या कक्षेतला असतो. त्याचा विषयपत्रिकेशी संबंध क्वचितच येतो.

पैशाची बाब याहून नाजूक. जकात होती तोवर गावाच्या वेशीवरच्या नाक्यावर रोजची रोख जमा होत असे आणि नगरपालिका स्वतःच्या मिळकतीवर थोडाबहुत तोरा मिरवू शकत असे. 1999 साली राज्यातील नगरपरिषदांच्या क्षेत्रातील जकात उठली. व्यापाऱ्यांना सुटल्यासारखे झाले आणि नाक्यावरचा भ्रष्टाचारही गेला. परंतु तिच्या बदल्यात मिळणाऱ्या सहायक अनुदानावर कर्मचाऱ्यांचा पगार अवलंबून राहू लागला, आणि अनुदानाचा हप्ता लांबला की लेखापालाच्या मेजाभोवती गर्दी होऊ लागली. घरपट्टी हे स्वतःचे म्हणता येईल असे मुख्य उत्पन्न. मिळकतीला वर्षभरात जे भाडे येऊ शकेल त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात आणि त्यावर कर बसवितात. ही आकारणी चार वर्षांनी फेरतपासावी असा नियम आहे. ती करण्याची वेळ आली की नवे आकडे लोकांना कळविले जातात, हरकतींच्या अर्जांचे गठ्ठे येतात, सुनावण्या होतात, आणि नगरसेवक, जे एरवी उत्पन्न वाढले पाहिजे असे तावातावाने बोलतात, तेच या वेळी आपल्या वॉर्डातील लोकांचे हरकतींचे अर्ज लिहून देण्यासाठी माणूस बसवितात. मला यात ढोंगापेक्षा अगतिकता अधिक दिसते. ज्या करासाठी मत मागता येत नाही तो कर वाढविण्याचे धैर्य निवडून आलेल्या माणसाकडून अपेक्षिणे फारसे व्यवहार्य नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये थकबाकीदारांची नावे चौकातल्या फलकावर झळकतात, दरमहा दोन टक्के शास्तीचा हिशोब होतो, एखाद्या दुकानाला सील लागते, आणि घंटागाडीच्या ध्वनिक्षेपकावर कर भरण्याचे आवाहन कचऱ्याच्या आवाहनात मिसळून ऐकू येते.

ठराव आणि अंमल यांतील अंतर गटारापुरते आहे तोवर ते सहन होते. महाडच्या नगरपालिकेच्या इतिहासात ते अंतर किती भीषण होऊ शकते याचा दाखला आहे. सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात हा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीसांसारखे सुधारक त्या कामी पुढे होते. ठराव वहीत लिहिला गेला आणि तीन वर्षे तळ्यावर काहीच बदलले नाही. कारण त्याच्या अंमलबजावणीसाठी ना कोणी शिपाई उभा राहिला, ना कोणी पाणी भरू पाहणाऱ्याचे संरक्षण केले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्यांनी एका परीने नगरपालिकेच्याच ठरावाची अंमलबजावणी केली. त्यानंतर गावात अस्पृश्यांवर हल्ले झाले, आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. पुढे दिवाणी दावा झाला, तळे नगरपालिकेचे की भोवतालच्या घरांचे, आणि बहिष्काराची रूढी अनादि आहे काय, यावर वर्षानुवर्षे साक्षीपुरावे झाले, आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बहिष्कार टिकवू पाहणाऱ्या वादींचे म्हणणे फेटाळले. ज्या गोष्टीचा निकाल एका लहान गावच्या सभेने एका बैठकीत लावला होता, तिच्यासाठी तेरा वर्षे लागली.

आजच्या कायद्यात ठरावाला लगाम घालण्याची सोय जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. कलम 308 खाली ते एखादा ठराव स्थगित करू शकतात, आणि म्हणून सभेत हरलेला गट बहुधा दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारी बस पकडतो. 'तीनशेआठ लावली' हा वाक्प्रचार नगरपालिकेच्या कट्ट्यावर इतका रुळला आहे की कलमातील मजकूर न वाचलेलाही तो सहज वापरतो. अध्यक्षाची निवड कशी व्हावी याबाबतही स्थैर्य नाही. 2016 साली ती थेट मतदारांकडून झाली, 2020 मध्ये पुन्हा नगरसेवकांकडे गेली, 2022 मध्ये पुन्हा मतदारांकडे आली. परिणामी कधी कधी अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असा संसार पाच वर्षे चालवावा लागतो, आणि मुख्याधिकारी दोन्हीकडून बोलणी खातात.

मध्यंतरीच्या काळात तर हा सारा खटाटोपच थांबला होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्यामुळे मुदत संपलेल्या बहुसंख्य नगरपरिषदांवर प्रशासक बसले, आणि जवळजवळ चार वर्षांनी, डिसेंबर 2025 मध्ये, 246 नगरपरिषदा व 42 नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. प्रशासकाच्या राजवटीत कामे मुळीच झाली नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक ठिकाणी ती झपाट्याने झाली. मात्र सूचकही तोच, अनुमोदकही तोच, मंजूर करणाराही तोच, अशा ठरावांचे इतिवृत्त वाचताना प्रश्न विचारणाऱ्या एखाद्या त्रासदायक सदस्याची उणीव भासते.

सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते, आणि इतिवृत्ताची नक्कल फी भरून मागता येते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. सभागृहात प्रेक्षकांसाठी मागे दोन बाके असतात. त्यांवर बहुधा ज्याचा स्वतःचा विषय त्या दिवशीच्या पत्रिकेत असतो तोच येऊन बसतो, आणि आपला क्रमांक पुकारला जाऊन निकाल लागला की पुढचा विषय वाचला जाण्याआधीच उठून जातो.