हॅशमागची मुंबई

लिनक्सवर चालणारा संगणक नव्याने लावताना प्रणाली ज्या मोजक्या गोष्टी विचारते त्यांत ‘तुमची वेळ कोणत्या ठिकाणची’ हा एक प्रश्न असतो, आणि दादरला किंवा गिरगावात बसून त्याचे उत्तर देणाऱ्याला यादीत मुंबई सापडत नाही. त्याला ‘आशिया/कोलकाता’ हे नाव निवडावे लागते. विंडोजच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली अशी चार नावे एकाच ओळीत शेजारी शेजारी बसवलेली असल्यामुळे तेथे हा प्रश्न बोचत नाही. लिनक्सवर तो बोचतो, आणि त्याचे उत्तर साध्या अक्षरांत लिहिलेल्या एका फाईलमध्ये आहे, जी कोणालाही उघडून वाचता येते आणि, थोडी काळजी घेतली तर, स्क्रिप्ट लिहून बदलताही येते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची लहानशी लेखी यादी. फाईल वाचून तीत मुंबईची एक ओळ घालण्याचे काम तासाभराचे दिसते. त्यातला अवघड भाग मात्र आज्ञा लिहिण्यात नसून त्या आज्ञांना काय सांगायचे हे ठरवण्यात आहे.

ही फाईल ज्या संग्रहातली आहे तो १९८०च्या दशकात अमेरिकेत आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला, २००५ पासून पॉल एगर्ट त्याची देखभाल करतात, आणि लिनक्स, मॅक व अँड्रॉइड या प्रणाली स्थानिक वेळ ठरवताना त्याच्यावर विसंबून असतात. संग्रहात खंडवार फाईली आहेत आणि भारताची नोंद ‘एशिया’ नावाच्या फाईलमध्ये येते. प्रत्येक ठिकाणाच्या नोंदीची पहिली ओळ ‘झोन’ या शब्दाने सुरू होते; त्यानंतरच्या रकान्यांत ठिकाणाचे नाव, ग्रिनिचपासूनचे अंतर, उन्हाळी वेळेसारखा काही नियम लागू असल्यास तो, वेळेचे आद्याक्षरी नाव, आणि ही व्यवस्था कोठवर चालली ती तारीख असते. वेळ पुढे बदलली असेल तर खाली दुसरी ओळ येते, पण तिच्यात ‘झोन’ हा शब्द नसतो आणि ठिकाणाचे नावही नसते. ते दोन्ही वरच्या ओळीवरून समजून घ्यायचे असतात, जसे जुन्या वहीखात्यात वरच्या नावाखाली नुसत्या रकमा उतरत जातात. शेवटच्या ओळीला तारीख नसते, कारण ती व्यवस्था अजून चालू आहे.

नेमक्या या रचनेमुळे पहिला प्रयत्न फसतो. फाईलमध्ये एखादा शब्द शोधण्याची सर्वपरिचित आज्ञा म्हणजे ‘ग्रेप’. तिला ‘आशिया/कोलकाता’ शोधण्यास सांगितले की ती इमानाने झोनची एकच ओळ काढून दाखवते, आणि त्या ओळीत कोलकात्याची वेळ ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद पुढे असून ती २८ जून १८५४ पर्यंत होती एवढेच लिहिलेले असते. आज चालू असलेल्या साडेपाच तासांचा त्यात मागमूस नसतो, कारण त्यांची नोंद सात ओळी खाली आहे आणि त्या ओळीवर कोणाचेच नाव नाही. म्हणून येथे ‘ऑक’ ही भाषा उपयोगी पडते. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांनी १९७७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ती घडवली आणि त्यांच्याच आद्याक्षरांवरून तिला नाव मिळाले. ऑक फाईल ओळीओळीने वाचते, प्रत्येक ओळीचे रकाने आपोआप सुटे करते, आणि मुख्य म्हणजे मागच्या ओळीत काय पाहिले ते लक्षात ठेवू शकते: कोलकात्याची ओळ आली की एक खूण चढवायची, पुढे नवा ‘झोन’ दिसला की ती उतरवायची, आणि खूण चढलेली असेतोवर दिसणाऱ्या ओळी कोलकात्याच्या समजायच्या. येथेही एक खाच आहे, ती अशी की पहिल्या ओळीत वेळेचे अंतर तिसऱ्या रकान्यात असते आणि खालच्या ओळींत, नावाची जागा गळल्यामुळे, ते पहिल्या रकान्यात सरकते. हे विसरणाऱ्या स्क्रिप्टला अंतराच्या जागी वेळेचे आद्याक्षरी नाव सापडते आणि तरीही ती कसलीही तक्रार न करता आपले काम संपवते.

अशा रीतीने वाचलेल्या आठ ओळींत एक इतिहास दिसतो. कोलकात्याची स्वतःची वेळ, मग आठ सेकंदांनी निराळी हावड्याची, मग १८७० पासून मद्रासची ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाण वेळ, आणि दुसऱ्या महायुद्धात ऑक्टोबर १९४१ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, मध्ये १९४२मधले काही महिने वगळता, एक तास पुढे सारलेली घड्याळे. हा इतिहास कोलकात्याच्या नावावर असला तरी तो मुख्यतः रेल्वेचा आणि सरकारी घड्याळाचा आहे, कारण त्या शहरातली स्थानिक वेळ १९०६ नंतरही दीर्घ काळ वापरात होती. मुंबईचे नाव या आठही ओळींत नाही. संग्रहाचा नियम असा की १९७० नंतर ज्यांची घड्याळे एकमेकांपासून वेगळी चालली अशाच ठिकाणांना स्वतंत्र झोन द्यावा आणि झोनचे नाव त्यातल्या मोठ्या शहरावरून ठेवावे. हे नाव कलकत्त्यावरून ठरले, २००८ मध्ये त्याचे कोलकाता झाले, आणि मुंबई पुढे कितीही वाढली तरी ठरलेले नाव तेवढ्यासाठी बदलत नाहीत.

तरीही मुंबई या फाईलमध्ये आहे. ज्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह असते ती टिप्पणी समजली जाते; ती माणसासाठी लिहिलेली असते आणि यंत्र ती न वाचता ओलांडून जाते. भारताच्या झोनवरच्या अशा टिप्पण्यांत भारतातल्या जुन्या वेळा निश्चित करणे किती कठीण आहे याविषयी एगर्ट यांचा काहीसा मिश्कील शेरा आहे, आणि १९०६च्या जानेवारीत मुंबईच्या सीमेवरच्या कापडगिरण्यांतले हजारो कामगार स्थानिक वेळ रद्द होण्याविरुद्ध उठले, वृत्तपत्रांनी त्याला घड्याळांची लढाई म्हटले आणि ती जवळजवळ अर्धे शतक चालली, अशा आशयाचा एक उतारा आहे. हावड्याच्या वेळेपुढे, त्याच ओळीच्या टोकाला, हॅश देऊन ‘हावडा मध्यम वेळ’ असे लिहिले आहे आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. हे प्रश्नचिन्ह फार प्रामाणिक आहे. संशयाला या फाईलमध्ये जागा मिळते ती हॅशच्या मागे. हॅशच्या पुढे सगळे निश्चित असावे लागते.

हॅशमागच्या त्या उताऱ्यातला वाद समजून घ्यायला एक साधे गणित पुरते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे, म्हणजे पंचांगाच्या भाषेत दहा पळे, घेते. मुंबई सुमारे ७२ अंश ४९ कलांवर आहे, म्हणून तिची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे १६ सेकंद पुढे पडते. प्रमाण वेळ मात्र साडेब्याऐंशी अंशांवरून घेतलेली, म्हणजे मुंबईच्या ३८ मिनिटे ४४ सेकंद पुढे. लोकांच्या तोंडी हा फरक एकोणचाळीस मिनिटांचा. १९०६च्या आधीही एक झटापट होऊन गेली होती: गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकिर्दीत १८८१ मध्ये सरकारी कामासाठी मद्रासची वेळ लावण्यात आली, तीन वर्षांपूर्वीच पुऱ्या झालेल्या राजाबाई टॉवरचे घड्याळ कोणत्या वेळेवर चालवावे यावरून सरकार आणि विद्यापीठ यांच्यात वाद झाला, आणि १८८३ मध्ये सरकारला मागे यावे लागले. १९०६ मध्ये सरकार मागे आले नाही. रेल्वे, तार आणि सरकारी कचेऱ्या प्रमाण वेळेवर गेल्या, महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ कायम ठेवली, आणि एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या. परळ-लालबागच्या माणसाला हा तात्त्विक प्रश्न नव्हता. जानेवारीत मुंबईत सूर्य प्रमाण वेळेने सव्वासातच्या सुमारास उगवतो. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने सहाला झाला तर जुन्या घड्याळात पाच वाजून एकवीस मिनिटे झालेली असतात, आणि अंधारात निघावे लागणारी वाट तेवढ्या मिनिटांनी लांबते.

आता या सगळ्याचे वापरणाऱ्याच्या संगणकावर काय होते ते पाहण्यासारखे आहे. ‘एशिया’ ही मूळ फाईल सहसा त्याच्यापर्यंत येतच नाही. येते ती ‘टीझेडडेटा’ नावाची एक आटवलेली फाईल, आणि आटवण्याचे काम एक ऑक स्क्रिप्टच करते. ही स्क्रिप्ट सर्व टिप्पण्या काढून टाकते, ‘झोन’ शब्दाचे एक अक्षर ठेवते, महिन्यांची नावे ओळखू येतील इतकी तोकडी करते, ओळीच्या शेवटी महिन्याची पहिली तारीख असेल तर तो एकचा आकडा गाळते आणि मग जानेवारी उरला तर तोही गाळते, कारण महिना व दिवस दिला नसेल तर १ जानेवारीची मध्यरात्र धरायची हा वाचणाऱ्या प्रोग्रामचा नियमच आहे. यंत्राच्या दृष्टीने काहीही हरवत नाही. पण मूळ फाईलमध्ये ‘१९०६ जानेवारी १’ ही नक्की ठाऊक असलेली तारीख होती आणि ‘१८७०’ हे केवळ वर्ष होते. आटल्यानंतर दोन्ही नुसती वर्षे उरतात, आणि कोणती तारीख माहीत होती व कोणती माहीत नव्हती म्हणून मोघम ठेवली होती, हा भेद पुसला जातो. हावड्यापुढचे प्रश्नचिन्ह जाते. मुंबईचे गिरणीकामगार जातात.

मुंबईची ओळ घालायची ती म्हणूनच मूळ फाईलमध्ये, आणि तीही स्वतःच्या प्रतीत. प्रणालीच्या मालकीच्या निर्देशिकेत, म्हणजे फाईली ठेवण्याच्या कप्प्यात, हात घालू नये याचे कारण केवळ शिस्त हे नाही: पुढचे अद्ययावतीकरण आले की आपला बदल न विचारता पुसला जातो. स्क्रिप्टनेही वाचत असलेल्या फाईलवरच लिहू नये; वेगळ्या फाईलमध्ये लिहावे, दोन्हींतला फरक ‘डिफ’ या आज्ञेने ओळीओळीने तपासावा, आणि ठरलेल्या ओळींखेरीज काहीही हललेले नाही हे पाहिल्यावरच नव्या फाईलला जुनीचे नाव द्यावे. ओळ कोठे घालावी यातही विचार आहे. कोलकात्याच्या आठव्या ओळीखाली लगेच एक टिप्पणी येते, आणि अंदमान, लक्षद्वीप, निकोबार ही बेटे १९७० पासून कोलकात्यासारखीच आहेत असे ती सांगते. मुंबई या दोहोंच्या मध्ये घातली तर यंत्राला काही फरक पडत नाही, पण वाचणाऱ्या माणसाला ती टिप्पणी मुंबईबद्दलची वाटते. म्हणून स्क्रिप्टने टिप्पणी संपेपर्यंत थांबायला हवे.

जागा ठरली तरी मजकूर ठरत नाही. रेल्वेची मुंबई सोपी आहे: १८७० पासून ती मद्रासच्या आणि १९०६ पासून प्रमाण वेळेवर होती, म्हणजे कोलकात्याच्या झोनहून निराळी नाही, आणि ‘लिंक’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ, जी एका नावाला दुसऱ्या नावाकडे बोट दाखवायला लावते, तेवढी पुरते. महापालिकेच्या मुंबईला मात्र स्वतःचा झोन लागतो. अंतराच्या रकान्यात ४ तास ५१ मिनिटे १६ सेकंद. आद्याक्षरी नावासाठी ‘बीएमटी’ सुचते, पण ब्रुसेल्स, बर्न, बोगोटा आणि बँकॉक यांनी तेच नाव आधी घेतलेले आहे, आणि मुंबईला त्यांच्या रांगेत उभे राहायला हरकत नसावी. शेवटच्या रकान्यापाशी हात थांबतो. मुंबईची वेळ कधी संपली? काही लेखनात १९५० हे वर्ष येते, कारण त्या सुमारास महापालिकेने हट्ट सोडला. इतरत्र १९५५ सांगितले जाते, कारण लोकांचे घड्याळ महापालिकेच्या ठरावाने बदलत नाही. रकान्याला असले स्पष्टीकरण चालत नाही. त्यात १९५५ एवढेच लिहिले तर फाईलचे यंत्रवाचनीय रूप करणारा ‘झिक’ हा कम्पायलर निःशंकपणे समजतो की १ जानेवारी १९५५च्या मध्यरात्री मुंबईतली सगळी घड्याळे एकदम ३८ मिनिटे ४४ सेकंदांनी पुढे उडाली. असे काही घडले नव्हते. लिहिणाऱ्याला एवढेच करता येते की १९५० हे महापालिकेच्या निर्णयाचे वर्ष रकान्यात घालायचे आणि पुढे, हॅश देऊन, एक प्रश्नचिन्ह ठेवायचे.

फाईल तयार झाली की झिकला एका खासगी निर्देशिकेत तिचे रूपांतर करायला सांगायचे आणि ‘झेडडम्प’ या आज्ञेने प्रत्येक बदलाचा क्षण छापून पाहायचा. छापलेल्या यादीत कोलकात्याच्या नावापुढे १९०६च्या पहिल्या क्षणी ८ मिनिटे ५० सेकंदांची उडी दिसते; महापालिकेच्या मुंबईपुढे त्या दिवशी काहीच घडत नाही. संपूर्ण संगणकाची वेळ एकच असते, पण प्रत्येक खिडकीला, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या प्रत्येक पडद्याला, ‘टीझेड’ हे चल देऊन स्वतःची वेळ लावता येते, आणि बाकीच्यांना त्याची खबर नसते. दोन खिडक्या शेजारी उघडून एकीला रेल्वेची आणि दुसरीला महापालिकेची मुंबई लावली, आणि दोघींना ५ जानेवारी १९०६चा एकच क्षण विचारला, तर पहिली पहाटेचे सहा सांगते आणि दुसरी पाच वाजून एकवीस मिनिटे सोळा सेकंद.