फायबर काँक्रीट हादरा कसा पचवतं?

बीडजवळच्या पालीतून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. तिथून धडधडत जाणारा प्रत्येक ट्रक रस्त्याला हादरा देतो.

असा हादरा काँक्रीटला बसला तर? साधं काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहावा भाग. म्हणून एकदा तडा गेला की तो झरझर पसरतो. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाला आडवे तडे गेले, ते अशाच ताणामुळे.

काँक्रीटमध्ये आकारमानाच्या 0.5 ते 1.5 टक्के स्टीलचे तंतू (फायबर) मिसळले की वागणूक बदलते. तडा जातो, पण तंतू त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. ते उपसून निघताना धक्क्याची बरीच ऊर्जा खर्च होते.

प्रयोगशाळेत काँक्रीटच्या चकतीवर 4.54 किलोचा हातोडा 457 मिमी उंचीवरून पुन्हा पुन्हा पाडतात. साधी चकती पहिल्या तड्यानंतर लवकरच फुटते. फायबरची चकती त्यानंतरही कितीतरी घाव झेलते.

घर बांधणाऱ्यांनो, एक लक्षात ठेवा: फायबर हा सळईला पर्याय नाही. बारीक पॉलिप्रोपिलीन तंतू मुख्यतः ओलं काँक्रीट आकसताना पडणाऱ्या भेगा रोखतात. भूकंपासाठी कॉलम-बीमच्या जोडात रिंगा जवळजवळ बांधायलाच हव्यात.

#काँक्रीट #बांधकाम #बीड